चिठ्ठी

चिठ्ठीचं कूळ विचारू नये. वहीचं शेवटचं पान, कॅलेंडरचा उलटून गेलेला महिना, लग्नपत्रिकेच्या पाकिटाची आतली कोरी बाजू, किराण्याच्या यादीचा उरलेला शेपटा, यांतल्या कुणाच्याही पोटी ती जन्माला येते. रुंदी दोन बोटं, लांबी चार बोटं. अंगावर एकच शब्द, फार तर तीन. तो लिहून झाला की एक आडवी घडी, एक उभी घडी, पुन्हा एक आडवी, आणि ती डब्यात जाऊन पडते. खोलीतल्या बाकी सगळ्यांना बोलायचं असतं. हिला नसतं.

मराठी माणसाची आणि तिची ओळख जुनी. राजा-राणी-चोर-शिपाई खेळताना तिनेच आपल्याला पहिल्यांदा चोर ठरवलं. भिशीत आपल्याला पैशांची नड असताना तिने नेमकं शेजारणीचं नाव काढलं. भावाभावांत वाटण्या झाल्या, हिस्से सारखे पडले, पण विहिरीकडचा तुकडा कुणाचा हे ठरेना. तेव्हा घरातल्या सगळ्यात लहान पोराने देवासमोर ठेवलेली हीच उचलली. ग्रामपंचायतीला दोन उमेदवारांना सारखी मतं पडली, तर निकाल हीच लावते, आणि त्या दिवसापुरती तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतात. माणसाची अक्कल जिथे थकते तिथे हिला बोलावणं जातं. ती येते, उलगडते, वाद मिटवते.

कथा लिहिणाऱ्यांच्या खोलीत मात्र तिचा स्वभाव पालटतो. इथे ती वाद लावून देते.

आम्ही काही लिहिणारे महिन्यातल्या एका रविवारी एका वाचनालयाच्या माडीवर जमतो. चिठ्ठ्यांचं घर म्हणजे खारीचा रिकामा डबा. झाकण काढलं की अजून वनस्पती तुपाचा वास येतो. नियम थोडे आणि कडक. दोन चिठ्ठ्या उचलायच्या. आवडल्या नाहीत तरी बदलून मिळत नाहीत. दहा मिनिटं पेन थांबवायचं नाही. वाचून झाल्यावर ‘छान’ म्हणायला बंदी. काही म्हणायचंच असेल तर प्रश्न विचारायचा. खेळ असा पोरखेळ दिसतो, आणि पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण ‘हे शाळेतल्यासारखं आहे’ असं म्हणत हसतो. चिठ्ठी उलगडली की हसू थांबतं.

कारण ही बया कुणाचाही मान ठेवत नाही. आमच्यात एक निवृत्त काका आहेत, दिवाळी अंकांतून वर्षानुवर्षं लिहिणारे. त्यांची कथा चाळीच्या जिन्यापासून सुरू होते, आईच्या शिलाई मशीनपाशी येते आणि नळाला पाणी येण्याच्या सुमारास संपते. या मुलखात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. एकदा त्यांना दोन चिठ्ठ्या आल्या: ‘ड्रोनने फवारणी करणारा’ आणि ‘लुगडं’. काका म्हणाले, “हे काही माझ्या जगातलं नाही. दुसरी घेऊ का?” डबा धरून बसलेली कॉलेजातली मुलगी म्हणाली, “नाही हं काका.” पाच मिनिटं ते पेनाचं टोपण काढत-लावत बसले. मग त्यांनी ते लुगडं बांधावरच्या बाभळीवर वाळत घातलं, वरून औषधाचा फवारा आला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कागदावर चाळीचा जिना उमटला नाही.

चिठ्ठीचा खरा धंदा इथे कळतो. लोकांना वाटतं ती कल्पना देते. ती द्यायला येतच नाही, ती काढून घ्यायला येते. ‘सुचत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या लेखकाला बहुधा खूप सुचत असतं; फक्त जे सुचतं ते सगळं घोटून गुळगुळीत झालेलं, ज्याच्यावर आधी टाळ्या पडल्या आहेत असं. पहिला विचार हा नेहमी पाठ झालेला विचार असतो. चिठ्ठी त्या पायवाटेवर आडवी पडते आणि तुम्हाला काट्याकुट्यांतून जायला लावते. पुढे काय सापडेल याची हमी ती देत नाही.

पण तिलाही नीट जन्माला घालावं लागतं. नव्या माणसाने लिहिलेल्या चिठ्ठ्या लगेच ओळखू येतात: ‘विरह’, ‘माणुसकी’, ‘नियती’, ‘काळाचा महिमा’. अशा चिठ्ठीला हातपाय नसतात. नियतीचं लेखकाने करायचं काय? तिला कुठे ठेवणार, कुणाला विकणार, ती हरवली तर कोण शोधणार? त्यापेक्षा ‘दुसऱ्याच्या नावाचं रेशनकार्ड’ बरं. ते खिशात घालता येतं, पावसात भिजतं, त्याच्यावर साखर उचलता येते आणि पकडलं जाता येतं. ‘मीटर-रीडिंग घ्यायला आलेला’, ‘तेराव्याचा स्वयंपाक’, ‘उसवलेली शिवण’, ‘बंद पडलेलं थिएटर’ या आमच्या डब्यातल्या खानदानी चिठ्ठ्या. त्यांच्याकडे बघितलं तरी कुणाचा तरी हात दिसतो.

दुसरी गोष्ट, जोडीतल्या दोघींत अंतर हवं. या अंतराचा विचार इटलीच्या जानी रोदारीने केला. मुलांसाठी लिहिणारा हा मोठा लेखक. १९७० साली त्याला हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. १९७२च्या मार्चमध्ये रेज्जो एमिलिया या शहरात तो शिक्षकांसमोर गोष्टी रचण्याच्या युक्त्यांवर बोलला, आणि पुढच्या वर्षी त्यातून एक पुस्तक आलं. नाव मराठीत सांगायचं तर ‘कल्पनेचं व्याकरण’. त्यात तो आपल्या मास्तरकीच्या दिवसांतला खेळ सांगतो. एका मुलाने फळ्याच्या पुढच्या बाजूला एक शब्द लिहायचा, त्याच वेळी दुसऱ्याने मागच्या बाजूला दुसरा. एकमेकांचं बघायचं नाही. एकाने लिहिलं ‘कुत्रा’, दुसऱ्याने ‘कपाट’. फळा फिरवला आणि दोघं समोरासमोर आले. रोदारीचं म्हणणं असं, की घोडा आणि कुत्रा यांची जोडी लावून काही होत नाही. दोघं एकाच गोठ्यातले, एकमेकांना ओळखणारे. कुत्रा आणि कपाट यांची ओळख नाही, म्हणून मनाला मध्ये पडावं लागतं.

मध्ये पडायचं कसं, तेही तो सांगतो: दोन शब्दांमध्ये निरनिराळी शब्दयोगी अव्ययं घालून बघा. मराठीत तर नुसता प्रत्यय चिकटवला तरी पुरतं. कपाटातला कुत्रा: कुणी कोंडला, कुणापासून लपवला? कपाटावरचा कुत्रा: तो चढला कसा, की चिनीमातीचा आहे? कुत्र्याचं कपाट: म्हणजे घरात माणसांना एक खोली आणि कुत्र्याला स्वतंत्र कपाट, असं ते घर. कपाटासाठी कुत्रा: त्याच्या आत असं काय आहे, की राखण बसवावी? चारही वेळा शब्द तेच. एक अक्षर हललं आणि दर वेळी निराळंच घर उभं राहिलं.

याच रोदारीने चिठ्ठीला जरा जाड कागदाचे कपडेही घातले. रशियाच्या व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली परीकथांचा सांगाडा मांडला होता: नायकाला काही मनाई होते, तो ती मोडतो, खलपुरुष येतो, जादूची वस्तू मिळते, अशा ३१ घटना, ठरलेल्या क्रमाने. रोदारीने त्यांतल्या २० निवडून मुलांसाठी पत्ते केले. अभ्यासकाने गोष्टी सोडवून जे सुटे भाग मिळवले होते, ते मुलांनी पिसून पुन्हा जोडले.

चिठ्ठीचं सगळ्यात चहाटळ रूप म्हणजे घडीचा कागद. १९२५ साली पॅरिसमध्ये रू द्यु शातो या रस्त्यावरच्या ५४ नंबरच्या घरात अतिवास्तववादी कवी-चित्रकारांची बैठक असे; ईव्ह तांगी आणि झाक प्रेव्हेर तिथेच राहायचे, आंद्रे ब्रतोंची ये-जा असायची. त्यांनी दिवाणखान्यातला एक जुनाच कागदी खेळ उचलला. एकाने नाम लिहायचं, घडी घालून कागद पुढे द्यायचा. दुसऱ्याने न बघता विशेषण, तिसऱ्याने क्रियापद, असं करत शेवटी घडी उलगडायची. पहिल्याच डावात एक नामी प्रेत वाक्याचा कर्ता होऊन आलं, आणि खेळाला तेच नाव पडलं.

मराठीत हा खेळ खेळायला बसलं की चिठ्ठी व्याकरणाची परीक्षा घेते. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणजे शेवटच्या खेळाडूवर सगळा भार. तो बिचारा ‘खाल्ला’ लिहितो आणि आधीच्याने खायला दिलेली असते भाकरी. वर्तमानकाळ घेतला तर ‘खातो’ की ‘खाते’, कर्ता बाई की बुवा, हे घडीच्या आत. चारदा अशी फजिती झाल्यावर आमच्यातल्या एका माजी मराठीच्या बाईंनी तोड काढली: सगळे कर्ते एकवचनी आणि सगळी क्रियापदं भविष्यकाळी. ‘खाईल’, ‘पुरेल’, ‘विकेल’ म्हणताना लिंग विचारावं लागत नाही. तेव्हापासून आमच्या घडीतून ‘चुलत आत्या पोलीसठाण्यात हार्मोनियम पुरेल’ अशी बिनचूक वाक्यं निघू लागली. मजा म्हणजे पॅरिसमधलं ते पहिलं वाक्यही भविष्यकाळातच होतं.

अशा वाक्यावर लोक खदखदा हसतात आणि तिथेच खेळ संपवतात. तो तिथे संपू नये. आत्याने हार्मोनियम का पुरली? चुलत आत्याच का, सख्खी का नाही? पोलीसठाण्याचं आवार तिला खोदू कुणी दिलं? हसू ओसरल्यावर जो पहिला प्रश्न उरतो, तिथून पुढे कथाकाराचं काम.

दुसऱ्याने अडवायचं आणि आपण वाट काढायची, हा छंद आपल्याकडेही जुना. संस्कृत पंडितांच्या समस्यापूर्तीत श्लोकाचा शेवटचा चरण आधी मिळायचा आणि आधीचे चरण कवीने रचायचे. कलगी-तुऱ्याच्या फडात एका बाजूचा शाहीर भेदिक सवाल टाकायचा आणि दुसऱ्याला भर मंडळींत गाऊन उत्तर द्यावं लागायचं. कागद नव्हता, पण बदलून मिळणार नाही हा नियम तेव्हाही होता.

यातली सर्वांत अवघड परीक्षा जपानने घेतली. तिथल्या राकुगो कलेत एकच कथाकार उशीवर गुडघे दुमडून बसतो. हातात एक पंखा आणि एक रुमाल, बाकी काही नाही. याच कलेत ‘सांदाइबानाशी’ नावाचा प्रकार आहे: प्रेक्षकांनी तीन विषय द्यायचे आणि कथाकाराने तिथल्या तिथे तिन्ही गुंफून गोष्ट सांगायची. एकोणिसाव्या शतकात सान्यूतेइ एन्चो या थोर कथाकाराला असेच तीन विषय मिळाले म्हणतात: दारुडा, शिबाचा समुद्रकिनारा आणि चामड्याचा बटवा. त्यातून झालेली ‘शिबाहामा’ ही गोष्ट आजही वर्षाअखेरीला रंगते.

गोष्ट अशी. एक मासेविक्या आहे, हात चांगला पण दारूपायी धंदा बुडवलेला. बायको एका पहाटे त्याला ढकलून बाजाराला पाठवते. बाजार उघडायला वेळ असतो, म्हणून तो किनाऱ्यावर रेंगाळतो आणि तिथे त्याला पैशांनी भरलेला बटवा सापडतो. घरी येतो, दोस्तांना बोलावतो, पितो, झोपतो. उठल्यावर बायको विचारते, या खाण्यापिण्याचे पैसे द्यायचे कुठून? बटवा? कसला बटवा? तुम्ही स्वप्न बघितलंत. त्याला स्वतःचीच लाज वाटते. तो दारू सोडतो, कामाला लागतो, तीन वर्षांत स्वतःचं दुकान थाटतो. मग एका वर्षाच्या शेवटच्या रात्री बायको तो बटवा त्याच्यासमोर ठेवते आणि खोटं बोलल्याची माफी मागते. तो रागावत नाही. ती त्याच्यासाठी पेला भरते. तो ओठांपर्यंत नेतो आणि खाली ठेवतो, कारण हेही पुन्हा स्वप्न ठरायला नको.

आता ते तीन विषय पुन्हा बघा. दारुडा आहे, किनारा आहे, बटवा आहे. बायको कुठे आहे? ती कुणीच दिलेली नव्हती. आणि गोष्ट आहे तिची. खोटं ती बोलली, तीन वर्षं ते पोटात तिने ठेवलं, बटव्याला हात न लावता संसार तिने ओढला. तिन्ही विषय एकमेकांपासून इतके लांब होते, की त्यांना एकत्र बांधायला कुणीतरी चौथं लागलं, आणि त्या जागी ती येऊन उभी राहिली. चिठ्ठीचं इंगित हेच. जे तिच्यावर लिहिलेलं असतं त्यापेक्षा जो तिच्यावर लिहिलेला नाही, त्याला ती बोलावून आणते. दोन चिठ्ठ्यांच्या मधली जागा भरायला जो माणूस येतो, तो कथेचा मालक.

हे एकदा ध्यानात आलं की डब्याशी खेळायची रीत बदलते. आमच्या बैठकीत एका शिक्षिकेला चिठ्ठ्या आल्या होत्या ‘गॅसची शेगडी दुरुस्त करणारा’ आणि ‘सुतक’. दहा मिनिटांत त्यांनी लिहिलं ते असं: दुरुस्तीवाला पिशवी घेऊन दारात येतो, आत पांढऱ्या कपड्यांतली माणसं बघतो, भिंतीशी हळदीकुंकू नसलेली समई बघतो, त्याला स्वतःची आई आठवते आणि डोळे भरून येतात. वाक्यं साफ होती. तरी खोलीत कुणी हललं नाही. ज्याने-त्याने हेच लिहिलं असतं.

मग कोपऱ्यातून प्रश्न आला: “पण त्याला बोलावलं कुणी?”

बाई थबकल्या. खरंच, त्यांनी लिहिलेल्या त्या घरी सुतकात चूल पेटत नाही. पिठलं-भात शेजारून येतोय, चहाचा थर्मास जावेकडून येतोय. शेगडीची घाई कुणाला असेल? पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी पुन्हा लिहिलं. त्याला बोलावलं होतं गेलेल्या बाईनेच. आठवड्यापूर्वी. त्याने दोनदा ‘उद्या येतो काकू’ म्हणून टाळलं होतं आणि आज आला होता. परत जावं तर तक्रार नोंदलेली, थांबावं तर दार हे असं उघडं. घरातलं कुणीतरी सवयीने ‘आत या’ म्हणतं. तो ओट्यापाशी जातो, डावा बर्नर उचलतो, जेटमधली काजळी पिनेने काढतो, जोडतो, आणि तपासायला लायटर ओढतो. निळी ज्योत भक्कन लागते. ज्या घरात विस्तव पेटायचा नाही तिथे ती पेटते, आणि बाहेरच्या खोलीतली सगळी माणसं आवाजाने वळून बघतात. नवरा उठून आत येतो. शेगडीकडे बघत राहतो आणि विचारतो, “डावा बंद होता?”

एवढंच. संसारभर त्याच शेगडीवरचं जेवलेल्या माणसाला माहीत नव्हतं, की गेले कित्येक महिने दोन्ही वेळचा स्वयंपाक एकाच बर्नरवर निघत होता. पहिल्या मसुद्यात रडणारा दुरुस्तीवाला होता. दुसऱ्यात रडणारं कुणी नाही, आणि गेलेली बाई ओट्यापाशी धडधडीत उभी आहे. ती कुठल्या चिठ्ठीवर होती? पहिल्या दहा मिनिटांत तीच निसटली होती, कारण तोवर लेखिका दोन्ही चिठ्ठ्यांची मर्जी राखत बसली होती.

चिठ्ठीची एक थोरली बहीण आहे, तिचं नाव अट. चिठ्ठी सांगते काय घ्या; ही सांगते काय घेऊ नका. फ्रान्समध्ये १९६० साली रेमाँ क्नो आणि फ्रांस्वा ल लिओने यांनी ‘उलिपो’ नावाची लेखक-गणितज्ञांची मंडळी जमवली, त्यांचं सगळं घर या थोरलीच्या ताब्यात. त्यांच्यातल्या जॉर्ज पेरेकने १९६९ साली सुमारे तीनशे पानांची कादंबरी लिहिली, जिच्यात फ्रेंचमध्ये सर्वांत जास्त लागणारं ‘ई’ हे अक्षर एकदाही येत नाही. ऐकायला कसरत वाटते. पण कादंबरीचा विषयच कुणीतरी नाहीसं होणं हा आहे. पेरेकचे वडील १९४० साली लढाईत मारले गेले आणि १९४३ साली आईला ऑशविट्झला नेलं गेलं. लेखक ज्यांच्याबद्दल सरळ बोलत नाही त्यांची जागा ते गाळलेलं अक्षर पानापानावर रिकामी ठेवतं, असं अनेक वाचकांनी त्यात वाचलं आहे. इथेही तेच: कागदावर जे नाही, त्याचंच वजन जास्त.

ही थोरली आमच्याकडे साध्या वेषात येते. एक पान लिहायचं, त्यात ‘आहे’ आणि ‘होता-होती-होतं’ यांना मनाई. ‘खोलीत उकाडा होता’ लिहिता येत नाही. मग पंखा फिरत असूनही सदरा पाठीला चिकटवावा लागतो. ‘तो कंजूष आहे’ म्हणता येत नाही. मग त्याला चहाच्या टपरीवर पैसे द्यायच्या वेळी बुटाची नाडी बांधायला वाकावं लागतं. अर्धं पान होईस्तोवर माणसं आपोआप हालचाल करू लागतात.

क्नोने तर चिठ्ठ्यांचंच पुस्तक केलं. १९६१ सालच्या या पुस्तकात दहा सुनीतं आहेत. प्रत्येक ओळीची वेगळी पट्टी कापलेली. कुठलीही पहिली ओळ, कुठलीही दुसरी, असं करत चौदा ओळी जुळवायच्या. एकूण सुनीतं होतात एकावर चौदा शून्यं, म्हणजे कोटी गुणिले कोटी. रात्रंदिवस वाचत बसलं तरी सारी संपायला एकोणीस कोटी वर्षं लागतील, असा हिशेब क्नोनेच मांडला होता. चिठ्ठीला गर्व चढला तर काय होईल त्याचा हा नमुना. शक्यता अमाप, आणि वाचायला कुणाला फुरसत नाही.

तिचे काही नातेवाईक नोकरीला लागले. अमेरिकेत विल्यम वॉलेस कुक या झपाट्याने लिहिणाऱ्या माणसाने १९२८ साली ‘प्लॉटो’ नावाचा ग्रंथ काढला: १,४६२ कथानकं, नंबर घातलेली, एकातून दुसऱ्यात जायच्या खुणांसकट. पेरी मेसनचा जनक अर्ल स्टॅन्ली गार्डनर त्याचा वापर करायचा. अलीकडे रोरी ओ’कॉनर यांचे कथाफासे निघाले: नऊ फासे, चोपन्न चित्रं, चाव्या, पूल, मासा, वीज, जे पडेल त्यावर गोष्ट सांगा. मुलांच्या वर्गात ते झकास चालतात. पण छापील फाशावरचा मासा जगभर एकच. आमच्या डब्यातल्या माशाला कधी ‘मांदेली’ म्हणतात, कधी ‘चिलापी’, आणि तो कुणाच्या हातचा आहे ते अक्षरावरून ओळखू येतं. घरच्या चिठ्ठीपुढे फासा एवढ्यापुरता उणा पडतो.

चिठ्ठीत खोटही मोठी आहे. ती चटक लावते. दहा मिनिटांत सुरुवात होते, सुरुवातीची झिंग स्वस्त असते, आणि काही जण आयुष्यभर सुरुवातीच करत राहतात. मग वहीत पन्नास दारं उघडलेली आणि एकाही घरात कुणी राहायला गेलेलं नाही. चिठ्ठीला मधला भाग ठाऊक नाही. तिसऱ्या पानावर कथा बसकण मारते, पात्राचं वय चुकतं, शेवट दोनदा होतो, तेव्हा ती डब्यात निवांत पडलेली असते. दुसऱ्या खर्ड्याला ती कामाची नाही, तिसऱ्याला तर अडचणच. अशा वेळी तिला हाताळत बसणारा लेखक काम टाळत असतो, आणि खेळ हे टाळण्याचं फार प्रतिष्ठित निमित्त आहे.

दुसरी खोट विचित्रपणाची. दोन लांबचे शब्द एकत्र आले की आपोआप काहीतरी भन्नाट झालं, असा भ्रम होतो. हार्मोनियम पुरणारी आत्या दोन ओळी करमणूक करते. तिसऱ्या ओळीला वाचक विचारतो, बरं, मग? तिथे आत्याला एक पोटातलं दुःख, एक शेजारी आणि गेल्या महिन्याचं वीजबिल द्यावं लागतं. ते चिठ्ठी देत नाही. ते ज्याचं त्याने आपल्या गावातून, आपल्या पाहण्यातून आणायचं असतं. ज्याच्याकडे ही शिदोरी नाही त्याला डबाभर चिठ्ठ्या दिल्या तरी त्याच्या हाती चिठ्ठ्याच राहतात.

पण तिचा एक गुण तिच्या सगळ्या खोटी झाकतो: तिला श्रेय नको असतं. कथा दिवाळी अंकात छापून येते, नाव लेखकाचं येतं, मानधन लेखकाला मिळतं, आणि चिठ्ठी पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुणाला तरी ‘सुतक’ म्हणून भेटायला मोकळी असते. शिबाहामा ऐकताना कुणी तीन विषय मोजत बसत नाही. मासेविक्याच्या बायकोचं पुढे काय होतं याचीच काळजी ज्याला-त्याला असते. तसंच व्हायला हवं. छापलेली कथा वाचताना वाचकाला ‘अच्छा, यांना शेगडी आणि सुतक जोडायचं होतं वाटतं’ असं जाणवलं, तर समजावं की लेखकाने पहिल्या दहा मिनिटांनंतर हात उचलला. ती कथा संपादकाने साभार परत पाठवावी, आणि लेखकाने तोंड वाकडं न करता तिच्यात ते तिसरं माणूस शोधायला बसावं.